उपरण्याखाली दिलेले वाक्य

जे आज लिहितो आहे, ते या माघापर्यंत मी मोठ्याने कधीही, कोणापुढेही उच्चारलेले नव्हते. देवापुढेही नाही. मनात म्हटले असेन. पण मनात म्हटलेले आणि उच्चारलेले यांत किती अंतर असते, हे ज्याने आयुष्यभर उच्चारच शिकवले त्याला कोणी वेगळे सांगायला हवे का? ते अंतर मला ठाऊक होते. म्हणूनच तर मी ते मनात म्हणत राहिलो.

आता मोठ्याने सांगायचे ठरवले आहे. ठरवले आहे म्हणजे ठरवले आहे — मध्ये थांबलो, अडखळलो, तरी शेवटपर्यंत जाईन. तुम्ही ओळखीचे असाल तर फार बरे. अनोळखी असाल तर जवळचे समजून बोलतो.

नाशकात, पंचवटीच्या अंगाला असलेल्या एका शाळेत मी दोन तपांहून अधिक काळ संस्कृत शिकवले. माझे स्वतःचे शिक्षण पाठशाळेतले. गुरुजींसमोर मांडी घालून, त्यांच्या तोंडाकडे पाहत, स्वर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. उच्चारलेल्या शब्दात सामर्थ्य असते, ही श्रद्धा मला तिथे मिळाली, आणि आजही — वय झाले, डोळे मंदावले — ती ढळलेली नाही. ती ढळली असती तर माझे ओझे हलके झाले असते. शब्दांनी काही होत नाही, असे मानणाऱ्या माणसाला माझा अपराध अपराध वाटणारही नाही. मला ती सोय नाही.

पाचवीला आमच्या शाळेत निरनिराळ्या प्राथमिक शाळांतून मुले येत. पंचवटीतली, जुन्या नाशकातली, द्वारका चौकामागच्या वसाहतींतली, एखादा विंचूरकडचा, मामाकडे राहून शिकणारा. पाठांतराचा तास माझ्याकडे असे. मुलांना येत असे, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसे. पण उभे राहायला सांगितले की आवाज घशातच जिरून जाई. ही पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. रागावून ती भीती जात नाही, हे मला तोवर कळले होते. मग काय करावे?

मला माझी मुंज आठवली. वडिलांनी मला उपरण्याखाली घेतले होते, आणि कानाशी तोंड आणून मंत्र दिला होता. त्या अंधारात कापराचा वास होता, वडिलांचा श्वास होता, आणि आठ वर्षांच्या मला वाटले होते की आता माझ्याजवळ माझे स्वतःचे असे काहीतरी आहे. मनात आले, प्रत्येक मुलाला हे का मिळू नये? मंत्र नव्हे — मंत्राला अधिकार लागतो, असे मी तेव्हा मानत असे — पण एखादे साधे मराठी वाक्य? त्याच्या स्वभावाला जुळणारे, त्याला उभे करणारे?

आणि मी तो उपक्रम सुरू केला. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या सभागृहात. समोर ताम्हन, पंचपात्र, पळी. एकेक मूल पुढे येई, मी त्याला माझ्या उपरण्याखाली घेई, त्याच्याशी दोन शब्द बोले, आणि कानात त्याचे वाक्य सांगे. मग ते तळहातावर पळीभर पाणी घेई, वाक्य मनात म्हणे आणि पाणी ताम्हनात सोडी. संकल्प झाला. रोज उठल्यावर आणि वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी ते वाक्य मनात म्हणायचे. आणि एक नियम — आपले वाक्य कोणालाही सांगायचे नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही.

हा नियम ध्यानात ठेवा. पुढचे सारे त्याच्या आडोशाने घडले.

उपक्रम फळला, हे सांगितले पाहिजे. विंचूरचा एक मुलगा बोलताना फार अडखळे. त्याला मी दिले होते, ‘मला घाई नाही. माझा शब्द माझी वाट पाहतो.’ (पुढे त्याने स्वतःच ते साऱ्या गावाला सांगून टाकले, म्हणून लिहितो.) दिवाळीपर्यंत त्याने वर्गात अख्खे पान वाचून दाखवले, अडखळला, पण थांबला नाही. पालक भेटायला येऊ लागले. गणिताचे मास्तर थट्टा करीत, “गुरुजी, पाणी सोडून पोरं पास होणार असतील, तर आम्हाला पण एक पळी द्या, आमचा वर्ग तरी आटपेल.” मी हसत असे. मनातून सुखावत असे. हे सुख फार गोड होते.

दुसऱ्या वर्षी माझी मुलगी मंजिरी पाचवीत आली. त्याच वर्गात विशाखा पगारे होती.

विशाखाचे वडील एका कार्यालयात कारकून होते. द्वारकेमागच्या वसाहतीत राहत. बौद्ध कुटुंब. उपक्रमाच्या आदल्या दिवशी ते स्वतः शाळेत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री, बोलणे मोजके. मुलीने घरी सांगितले असावे.

“गुरुजी, आम्ही हे पाणी सोडणं वगैरे करत नाही,” ते म्हणाले. “आम्ही ते सोडलंय. तुम्हाला माहीत आहे.”

मी म्हटले, माहीत आहे. पाणी नको असेल तर नको. हा विधी नाही, मुलाला धीर यावा म्हणून सांगितलेले एक वाक्य आहे, इतकेच.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. “वाक्य काय असतं?”

“ते ज्याचं त्याला. पण चांगलंच असतं.”

“मग सांगा,” ते म्हणाले. “तिला धीराची गरज आहे. घरी पोपटासारखी बोलते, आणि शाळेत उभी राहिली की पाय कापतात, असं म्हणते. तुमच्यावर सोपवतो.”

तुमच्यावर सोपवतो. या माणसाने आयुष्यात माझ्यासारख्यांवर किती गोष्टी सोपवल्या असतील? आणि किती वेळा पस्तावला असेल? तरीही त्याने ते शब्द उच्चारले. मी मान डोलावली.

नात्यातल्या एका वृद्धांना हे कळले, तेव्हा त्यांनी मला अडवून विचारले होते, “त्या पोरीलाही घेणार का रे उपरण्याखाली? तेच उपरणं सोवळ्यात वापरतोस ना?” मी म्हटले, “घेणार. आणि तेच वापरतो.” हे उत्तर मी पुढे अनेक ठिकाणी सांगितले. लोकांनी माझी वाखाणणी केली. ती मी स्वीकारली. ज्या उपरण्याखाली मी ते केले, त्याच उपरण्याची वाखाणणी!

मी अजून सांगितलेले नाही. सांगतो.

त्याआधी एक गोष्ट घडली होती. जूनअखेर संस्थेचे एक वयोवृद्ध विश्वस्त वर्ग पाहायला आले. मी दोघातिघांना श्लोक म्हणायला लावले. मंजिरीने म्हटला, बरा म्हटला. मग विशाखाला उठवले. ती कशी उभी राहिली, आठवते — बाकाची कड घट्ट धरून. पण एकदा शब्द सुटल्यावर! दीर्घ तो दीर्घ, संयुक्ताक्षर स्वच्छ, विसर्ग जिथल्या तिथे. पाठशाळेत माझ्या गुरुजींनी डोळे मिटून ऐकले असते असे. विश्वस्त प्रसन्न झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “घरचे संस्कार लपत नाहीत. ही तुमची कन्या ना?”

मंजिरी शेजारच्याच बाकावर बसली होती.

मी म्हटले, नाही. माझी ती — पलीकडची. विश्वस्तांनी विचारले, मग ही कोणाची? मी आडनाव सांगितले. ते ‘अस्सं’ म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडे वळले.

एवढेच. यात कोणी कोणाचा अपमान केला नव्हता. कोणी वाईट बोलले नव्हते. माझ्या आत मात्र काहीतरी आखडले. मत्सर म्हणू? बापाची माया दुखावली म्हणू? की पिढ्यान्पिढ्या आपल्या घरात आहे असे समजलेले धन दुसऱ्याच्या अंगणात सहज पडलेले दिसावे, आणि ते उचलून घेणाऱ्याला त्याचे ओझेही वाटू नये, याची चीड? मी बराच काळ पहिली दोन नावे वापरली. तिसरे खरे आहे.

मग गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मंजिरीला मी दिले — ‘मला उत्तर येते. मी उठून सांगेन. माझा आवाज सर्वांना ऐकू जातो.’ तिने पाणी सोडले. आणखी काही मुले झाली. मग विशाखा आली. ती उपरण्याखाली आली. तिथे काय झाले, ते शेवटी सांगेन. वाक्य आधी सांगतो.

‘मी शांत आहे. मी थांबू शकते. आधी इतर, मग मी.’

वाचून पाहा. काय वाईट आहे यात? कोणत्याही सज्जनाने भिंतीवर लिहून लावावे असे वाक्य आहे. मी ते तसे रचले होते. उद्या पगारे विचारायला आले असते, तर मी नम्रतेवर व्याख्यान दिले असते; म्हटले असते, औषध प्रकृती पाहून द्यायचे असते, हिच्याजवळ विद्या आहेच, विनय हवा. दहा वर्षांच्या, बाकाची कड धरून उभ्या राहणाऱ्या मुलीला विनय हवा! बाकी सर्व मुलांना मी उभे राहण्याचे वाक्य दिले. एकटीला बसण्याचे.

तिच्या ओंजळीत पाणी नव्हते. मी तिथेही स्वतःला समजावले की पाण्यावाचून संकल्प लागत नाही. साऱ्या वर्गात तिचाच सर्वांत घट्ट लागला.

त्या वर्षी शहरातल्या शाळांची पाठांतर स्पर्धा होती. शाळेतून एकच विद्यार्थी पाठवायचा. मी निवड करू शकलो असतो, केली नाही. वर्गाला विचारले, कोण जाईल? हे मी हेतुपुरस्सर केले. विशाखाचा हात अर्धा वर आला. मग तो तिथेच थांबला, तिच्या ओठांची हालचाल झाली — शब्द ऐकू आले नाहीत, पण कोणते ते मला माहीत होते — आणि तिने मान वळवून मंजिरीकडे पाहिले. मंजिरीचा हात वर होता. विशाखाचा खाली गेला.

मी म्हटले, “उत्तम.”

मंजिरी दुसरी आली. चांदीचे लहान फुलपात्र मिळाले. ते मी देवघरात ठेवले, आणि पुढे रोज सकाळी आचमनाचे पाणी त्यातूनच घेत आलो.

आठवीला मुलांनी संस्कृत घ्यायचे की हिंदी, ते ठरवायचे असे. त्या वर्षी संस्कृतला मुले जास्त झाली, बाक कमी पडले. मी सहज विचारावे तसे विचारले, कोणी हिंदीकडे जाईल का? एकच मूल उठले. तुम्ही ओळखले असेल. तिने दप्तर उचलले, माझ्या पाया पडली आणि शेजारच्या वर्गात गेली. एवढी वर्षे ज्या मुलीला मी वर्गात स्वतःहून उठताना पाहिले नव्हते, ती त्या दिवशी उठली — जागा सोडण्यासाठी. आणि मला काय वाटले? हायसे वाटले. दुसऱ्या दिवसापासून वर्गात माझ्या उच्चारांना आरसा दाखवणारे कोणी नव्हते.

मी निवृत्त झालो. मंजिरीचे लग्न होऊन ती पुण्याला गेली. उपक्रम माझ्यामागे बंद पडला; क्वचित कोणी जुना विद्यार्थी भेटून त्याची आठवण काढी, आणि मी तो विषय बदलत असे.

मागच्या वर्षी, मार्गशीर्षात, द्वारकेच्या चौकात रस्ता ओलांडायला उभा होतो. ट्रकांची रांग संपत नव्हती. एका तरुण बाईने माझा हात धरला, पलीकडे नेले, आणि मग वाकून नमस्कार केला.

“गुरुजी, ओळखलं नाहीत. मी विशाखा. पगारे.”

ती आता सुरगाण्याकडे एका आश्रमशाळेत शिक्षिका होती. वडील गेल्याचे तिने सांगितले. मग म्हणाली, “तुम्ही एकदा या ना शाळेत. तुम्हाला काहीतरी दाखवायचं आहे. तुमचंच आहे ते.” मी कारणे सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली, आणि म्हणाली, “मी थांबेन, गुरुजी. सवड झाली की या.”

मी थांबेन. मी घरी आलो, आणि मला अन्न गोड लागले नाही.

पौषात गेलो. एसटीने सुरगाण्यापर्यंत आणि पुढे जीपने. जीपवाला दर वळणावर म्हणे, “आता लय लांब नाय, बाबा,” आणि डोंगर संपत नसे. शाळेत सारी मुले पाड्यांवरची. कोणाचे आईबाप द्राक्षाच्या बागांत, कोणाचे गुजरातेत मजुरीला. वर्षातून दोनदा भेटणारे. जेवणात भात आणि नागलीची भाकरी. मी येताना पेढ्यांचा पुडा नेला होता. मुले व्हरांड्यात गोल बसली. विशाखाने पुडा उघडून पहिल्या मुलासमोर ठेवला आणि म्हणाली, घ्या.

त्या मुलाने पुड्याकडे पाहिले. त्याचे ओठ हलले. मग त्याने तो शेजारच्या मुलीपुढे सरकवला — “तू घे.” तिने पुढच्याकडे. त्याने पुढच्याकडे. मुले भुकेली होती. त्यांच्या नजरा पुड्यावरून हलत नव्हत्या. पुडा संपूर्ण गोल फिरून पुन्हा पहिल्या मुलासमोर आला. भरलेला.

मुख्याध्यापक म्हणाले, “बघा गुरुजी, केवढी शिस्त! या बाईंची कमाल आहे.”

विशाखाचा चेहरा उजळला होता. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “तुमचं वाक्य. मी पदराखाली घेते एकेकाला आणि सांगते. तुम्हाला सांगायला हरकत नाही ना? तुम्हीच दिलेलं. सगळ्यांना तेच देते — तुम्ही आम्हा सगळ्यांना तेच दिलं असणार, म्हणून मीही. दुसरं माझ्याकडे कुठं होतं?”

तुम्ही आम्हा सगळ्यांना तेच दिलं असणार.

आता माझ्या नियमाचे फळ पाहा. तिने कोणाला विचारले नव्हते. आपले वाक्य कोणी सांगायचेच नाही, असा नियम मीच घातला होता. तिच्या समजुतीत सारा वर्ग रोज सकाळी म्हणत होता, आधी इतर, मग मी. हात खाली घेताना, दप्तर उचलताना तिला वाटले असेल की आज माझी पाळी, उद्या दुसऱ्या कोणाची. असे थांबणारी ती एकटीच आहे, हे तिला कधी कळलेच नाही.

मग मी मुलांना एक सोपा प्रश्न विचारला. त्यांच्याच पुस्तकातला. मला दिसत होते की येते. समोरच्या बाकावरच्या मुलीला तर नक्की येत होते. तिने श्वास घेतला होता. आणि सारीच्या सारी मुले एकमेकांकडे पाहत बसली. हात वर आला नाही. विशाखानेही ते पाहिले, पण तिला ते चांगले वाटले.

मी तेव्हाही बोललो नाही. हा दुसरा अपराध, आणि पहिल्याहून मोठा; पहिल्या वेळी मला निदान परिणाम ठाऊक नव्हता. मी शाबासकी दिली. मुलांना पेढे स्वतःच्या हाताने वाटले, आणि संध्याकाळच्या जीपने परतलो.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसलो. फुलपात्रातून तळहातावर पाणी घेतले, आणि ते ओठांपर्यंत नेता येईना. हात तसाच अधांतरी राहिला. मंजिरीच्या आईने विचारले, काय झाले? मी म्हटले, काही नाही. पण त्या दिवशी, त्या हातातल्या पाण्याने, मी संकल्प सोडला. खरा. जे केले ते तिच्या तोंडावर सांगायचे. पत्राने नव्हे, कोणाकरवी नव्हे. सबब सांगायची नाही. क्षमा मागायची नाही, कारण क्षमा मागितली की ती द्यायचे काम पुन्हा तिच्या गळ्यात पडते. आणि थांबणे, देणे, बाजूला होणे — हे तर मी तिला शिकवलेच होते.

माघातल्या एका रविवारी पुन्हा गेलो. फुलपात्र पिशवीत घेतले होते. विशाखा व्हरांड्याच्या पायरीवर बसून वसतिगृहातल्या लहान मुलींच्या वेण्या घालत होती. एकीच्या केसांत फणी, बाकीच्या भोवती पाळीची वाट पाहत. मला पाहून ती उठू लागली. मी म्हटले, बस. आणि खालच्या पायरीवर बसून सांगायला सुरुवात केली. विश्वस्तांपासून सांगितले. मंजिरीचे वाक्य सांगितले. इतर मुलांना दिलेल्यांपैकी जी आठवली ती सांगितली. तिचे सांगितले. कोणासाठी रचले, का रचले, तेही.

ती वेणी घालत राहिली. एक झाली. दुसरी मुलगी पुढे बसली. तिच्या केसांचे तीन पेड वेगळे करता करता विशाखाचा हात थांबला.

“त्या दिवशी उपरण्याखाली मी तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “आठवतं?”

“आठवतं.”

“मोठ्यानं सांगा.”

मी सांगितले. त्या मुलींसमोर सांगितले. मघाशी तुमच्यापासून शेवटासाठी राखून ठेवले होते, ते हेच. उपरण्याखाली ती माझ्या छातीशी उभी होती, आणि मी काही बोलण्याआधीच तीच माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली होती, “गुरुजी, मला उभं राहिलं की भीती वाटते. ती जाईल असं वाक्य द्या.” तिने मागितले होते. नेमके काय हवे ते स्वच्छ उच्चारांत मागितले होते. ते ऐकून, समजून, मी तिला दुसरे दिले.

मी पिशवीतून फुलपात्र काढून पायरीवर ठेवले. तिने ते पाहिले आणि माझ्याकडे सरकवले.

“हे मंजिरीचं आहे. तिनं पाठ केलं होतं, तिला मिळालं. तिचं काय चुकलं?” आणि मग, वेणीचे पेड पुन्हा हातात घेत, “बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, ‘त्या गुरुजींनी आपल्या पोरीला जवळ घेतलं होतं.’ ते मला आता रोज आठवणार.”

उत्तर द्यायचे नाही, असे ठरवूनच गेलो होतो.

निघताना ती म्हणाली, “मला एकटीला सांगून झालं, असं समजू नका. तेव्हा कानात सांगितलंत ना? आता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. माझं नाव घालून.”

मी हो म्हटले. आल्यापासून मी पाणीही प्यालो नव्हतो, तिच्या ते ध्यानात आले असावे. ती मुलींना म्हणाली, गुरुजींना पाणी कोण आणून देतं? सगळ्या मुलींनी ऐकले. सगळ्या उठायला सरसावल्या. आणि सगळ्या एकमेकींकडे पाहत तिथेच थांबल्या. विशाखा त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या दिवशी तिला ते चांगले वाटले नाही. मी माझ्या हाताने माठातले पाणी घेतले. परत वळलो, तेव्हा ती सर्वांत लहान मुलीला ओच्याशी ओढून, पदर तिच्या डोक्यावरून घेत होती. ती तिला काय सांगत होती, मला ऐकू आले नाही. ऐकण्याचा मला अधिकारही नव्हता.

मंजिरी हे वाचेल. मंजिरीची आई वाचेल. माझे विद्यार्थी, ज्यांना मी उभे केले असे म्हणून जे आजही माझ्या पाया पडतात, ते वाचतील. म्हणून शेवटचे स्पष्ट उच्चारतो.

विशाखा पगारे हिला भीती वाटत होती. ती जाईल असे वाक्य तिने माझ्याकडे मागितले. माझ्याजवळ ते होते. मी ते तिला दिले नाही.